खासदारकी जन्मभर कशी टिकवावी

खासदार व्हायचंय? मग आधी मतदारसंघ नीट पाहून घ्या. शहरातला हवा, आणि एकाच पक्षाचा हवा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमसारखा. तिथे नोव्हेंबरचं मतदान म्हणजे निव्वळ सोपस्कार; खरा निकाल डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत लागतो, आणि त्यात मत द्यायला पक्षाकडे नाव नोंदवलेलं लागतं. त्यामुळे लाखो लोकांची मर्जी राखायची दगदग नाही. प्रायमरीला न चुकता येणारी मंडळी सांभाळली की झालं.

मग घरी क्वचित सापडणारा एखादा दिग्गज गाठा. हार्लेमचेच दीर्घकाळचे खासदार चार्ल्स रँगेल यांना १९७० साली अ‍ॅडम क्लेटन पॉवेल मिळाले. १९४५ पासूनचे खासदार, नागरी हक्कांच्या लढ्यातलं मोठं नाव; पण शेवटी मुक्काम बहामातल्या बिमिनी बेटावर जास्त. रँगेल यांनी त्यांना जेमतेम १५० मतांनी पाडलं आणि पुढची ४६ वर्षं खुर्ची सोडली नाही. पाडलेल्या माणसाविषयी अढी मात्र ठेवू नका. रँगेल यांचं हार्लेममधलं कार्यालय पॉवेल यांच्याच नावाच्या सरकारी इमारतीत होतं. २०१० च्या प्रायमरीत पॉवेल यांचे चिरंजीव उभे राहिले, त्यांनाही घरी पाठवलं.

मतदारसंघाची फेररचना होत राहील. होऊ द्या. १८, १९, १६, १५, १३ असे पाच क्रमांक बदलले, खासदार तोच.

टिकून राहिलात की ज्येष्ठता आपोआप साठते आणि एक दिवस मोठी समिती पदरात पडते. रँगेल २००७ मध्ये ‘वेज अँड मीन्स’चे अध्यक्ष झाले. देशाचे करविषयक कायदे इथेच आकाराला येतात. आपण घडवतो ते कायदे आपल्यालाही लागू असतात, ही बारीकशी गोष्ट तेवढी निसटली: डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बंगल्याचं भाडं विवरणपत्रात आलंच नाही. कारण काय, तर तिथली माणसं स्पॅनिश बोलू लागत आणि हिशेब कळत नसे. हे कारण पाठ करून ठेवा, विवरणपत्र भरताना उपयोगी पडेल. शिवाय हार्लेममध्ये भाडेनियंत्रित चार सदनिका, त्यातल्या एकीत प्रचार कार्यालय. (मुंबईकरांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.)

चौकशी झाली तर घाबरू नका. २ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ३३३ विरुद्ध ७९ मतांनी त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला. सगळ्यांसमोर उभं राहून तो ऐकावा लागला. त्याच्या महिनाभर आधीच, आरोप जगजाहीर असताना, मतदारांनी त्यांना दणदणीत निवडून दिलं होतं. ते भाबडे होते म्हणून नव्हे. गरिबांच्या घरबांधणीसाठी करसवलत, मागास वस्त्यांसाठी विकास क्षेत्रं, अशा कामांमागे या माणसाचा हात होता. जुना खासदार म्हणजे वॉशिंग्टनमध्ये वजन. नवा म्हणजे शेवटच्या बाकावरून सुरुवात. हार्लेमकरांनी हिशेब चोख केला, खासदारांपेक्षा चोखच.

एका गोष्टीवर मात्र उपाय नाही. वस्तीच बदलते. २०१२ च्या फेररचनेत मतदारसंघात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, मतदारांचं पारडं जड झालं. त्या वर्षी रँगेल प्रायमरीत साधारण हजारभर मतांनी तरले, २०१४ मध्येही निभावलं, आणि २०१६ मध्ये स्वतःहून थांबले. जाताना वारस म्हणून दुसऱ्याच नेत्याचं नाव पुढे केलं. जिंकले आद्रियानो एस्पायात, जन्म डॉमिनिकन रिपब्लिकचा. स्पॅनिश उत्तम बोलतात.