नायट्रोजनचा आकडा म्हणजे माशाच्या जेवणाची यादी नव्हे

समुद्रविज्ञानावरच्या सोप्या लेखांत आणि व्हिडिओंत एक दावा पुन्हा पुन्हा दिसतो: माशाच्या मांसाचा कणभर तुकडा मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) घाला, नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड पण न विघटणाऱ्या अणूंचं, प्रमाण काढा, की तो मासा काय खातो आणि अन्नसाखळीत कितव्या पायरीवर आहे हे बिनचूक कळतं. पोटं फाडून पाहायची गरजच नाही. ही पद्धत फार मोलाची आहे, म्हणूनच तिच्या नावावर खपणारा हा दावा खोडायला हवा.

आधी ‘काय खातो’. समस्थानिकांतून खाद्याची नावं निघत नाहीत. अंगी लागलेल्या अन्नाची सरासरी तेवढी निघते, तीही ऊतीप्रमाणे वेगवेगळ्या काळाची: यकृत लवकर बदलतं, स्नायू सावकाश. कोळंबी आणि एखाद्या लहान माशाची मूल्यं सारखी असतील, तर त्यातलं काय खाल्लं हे यंत्र सांगू शकत नाही. नायट्रोजनसोबत कार्बनची समस्थानिकंही मोजतात, तिथे चरबीही चकवते. तिच्यात कार्बन-१३ कमी असतो, त्यामुळे तारलीसारख्या चरबीदार माशात तिचा हिशेब धरला नाही तर आहार बदलल्याचा नुसता भास होतो.

आता ‘कितवी पायरी’. हलका नायट्रोजन-१४ उत्सर्जनातून जास्त बाहेर पडतो, म्हणून खाणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन-१५ खाद्यापेक्षा वाढतो. मिनागावा आणि वाडा या संशोधकांनी १९८४ मध्ये ही वाढ दर पायरीला सरासरी ३.४ प्रतिसहस्र दाखवली. दाव्यात हाच आकडा अढळ नियम होऊन बसतो. त्यांच्या स्वतःच्या मोजमापांत मात्र ती १.३ पासून ५.३ पर्यंत होती.

खरी गोम आहे पायाची, म्हणजे अन्नसाखळीच्या तळाशी नायट्रोजनचं मूल्य किती आहे याची, आणि ती आपल्या अरबी समुद्राइतकी ठळक फार थोड्या ठिकाणी दिसते. इथे साधारण १५० ते १००० मीटर खोलीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला हलका नायट्रोजन आधी उचलतात, त्यामुळे उरलेलं नायट्रेट जड होत जातं. मोसमी वाऱ्यांनी खालचं पाणी वर आलं की हा जडपणा प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) आणि तिथून माशांत शिरतो. उलट मार्च-एप्रिलच्या शांत, तापलेल्या पाण्यात ट्रायकोडेस्मियम हा सूक्ष्मजीव फुलतो. तो हवेतला नायट्रोजन बांधतो. नायट्रोजन-१५ चं प्रमाण हवेपेक्षा किती प्रतिसहस्र जास्त वा कमी, हेच मूल्य; म्हणून हवेचं मूल्य शून्य धरलेलं आहे, आणि ट्रायकोडेस्मियमचं त्याच्याच आसपास, बहुधा किंचित खाली असतं.

उदाहरणापुरत्या दोन सुरमया घेऊ. एकीचं मूल्य १४, दुसरीचं १०.६. दाव्याप्रमाणे पहिली एक पायरी वर. पण तिच्या पाण्यातली प्लवकंच ३.४ ने जड असतील, तर दोघी एकाच पायरीवर आहेत. गडाची उंची पायथ्यापासून मोजली की समुद्रसपाटीपासून, हे न सांगता दोन गडांची तुलना करण्यासारखंच हे आहे. खाडीत शहराचं सांडपाणी येत असेल तर पाया आणखी वेगळा. म्हणून काळजीने काम करणारे संशोधक पाया कळावा म्हणून त्याच पाण्यातले, प्लवकं खाणारे शिंपलेही मोजतात, किंवा एकेक अमिनो आम्ल वेगळं काढतात. फेनिलअ‍ॅलॅनिन पायरीगणिक जवळजवळ बदलत नाही, ग्लुटामिक आम्ल मात्र बरंच वाढतं, त्यामुळे पाया आणि पायरी दोन्ही एकाच माशातून कळतात. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे.

राहिला पोटाचा मुद्दा. आहारातला प्रत्येक घटक किती टक्के, हे काढणाऱ्या गणिती प्रारूपांना संभाव्य खाद्याची यादी आधी द्यावी लागते. ती येते पोटातून, नाहीतर पोटातल्या डीएनएतून. जेलीफिशसारखं मऊ खाद्य पोटात पटकन विरघळतं, तिथे समस्थानिकं उपयोगी पडतात. दोन्ही पद्धती एकमेकींची उणीव भरतात.

या पद्धतीचं बळ पाहायचं तर १९७९ मधलं राऊ आणि हेजेस या संशोधकांचं काम पाहावं. गॅलापागोसजवळच्या खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांवरच्या शिंपल्यांत कार्बन-१३ फारच कमी निघाला. वरून झिरपणाऱ्या प्लवकांच्या नेहमीच्या मूल्यांशी तो जुळेना, आणि त्या विसंगतीवरूनच त्यांनी सूर्यप्रकाशाविना रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंचं अन्न सुचवलं.