फोर्डचे पाच डॉलर नक्की कशासाठी?

‘आपल्याच कामगारांना आपली गाडी घेता यावी म्हणून हेन्री फोर्डने त्यांचा पगार दुप्पट केला.’ उद्योजकतेच्या भाषणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा किस्सा वर्षानुवर्षं फिरतो आहे. पगारवाढ झाली, यात वाद नाही. ५ जानेवारी १९१४ला ती जाहीर झाली: रोजचे साधारण २.३४ डॉलर जाऊन ५ डॉलर, आणि नऊ तासांऐवजी आठ तासांची पाळी. प्रश्न आहे तो त्यामागच्या कारणाचा.

गाड्या खपवण्यासाठी? हिशेब करून बघा. कामगार चौदा हजारांच्या आसपास, गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या घरात. झाडून सगळ्यांनी गाडी घेतली असती तरी विक्री होते सुमारे ७० लाख डॉलरची, तीही एकदाच. पगारवाढीवर वर्षाला १ कोटी डॉलर जातील, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. शिवाय वर्षाला दोन लाखांवर गाड्या बनत होत्या. असा धंदा फोर्ड नक्कीच करणार नव्हता.

खरं दुखणं डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात होतं. १९१३मध्ये तिथे सरकती असेंब्ली लाइन आली: गाडी पुढे सरकणार, प्रत्येक कामगार जागेवरच एकच काम करणार. सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते दीड तासावर आलं. पण दिवसभर तोच एक बोल्ट आवळायला माणसं टिकेनात. त्या एका वर्षात चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला बावन्न हजारांवर माणसं घ्यावी लागली! गळती ३७० टक्के. पगारवाढीनंतर, १९१५पर्यंत ती १६ टक्क्यांवर उतरली. ही पगारवाढ म्हणजे खर्चकपातीच्या आपल्या सर्वोत्तम निर्णयांपैकी एक, असं पुढे फोर्डनेच लिहून ठेवलं.

‘सगळ्यांना पाच डॉलर’ हेही खरं नाही. जवळपास निम्मी रक्कम नफ्यातला वाटा म्हणून, अटींवर मिळे. सहा महिने नोकरी झालेली हवी. बायकांना सुरुवातीला तो वाटा नव्हताच. कंपनीचे तपासनीस घरी येत: दारू पितो का, बचत किती, घरात पोटभाडेकरू किती. नापास झालात की वाटा बंद. किस्सा सांगणारे नेमकं हेच गाळतात.

राहिला या किश्शातला ‘दयाळू मालक’. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या महागाईने त्या पाच डॉलरची किंमत पार उतरवली. आणि अमेरिकेतल्या तीन बड्या मोटार कंपन्यांपैकी युनियनला सर्वांत शेवटी मान्यता दिली ती फोर्डने, १९४१मध्ये, तीही संप झाल्यावर.