सासूबाईंकडे मागितलेला दाखला: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. पाळणाघरात मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी व्हावी, मग तो पगारी असो वा आठवड्यातून एक तास येणारा स्वयंसेवक, असं मी लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत की तुमच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका, हौसेने मुलांना गोष्टी सांगायला जातात. तिथल्या पाळणाघराने त्यांच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला आणि त्या दिवशी त्या न जेवताच झोपल्या. शिवाय, ज्याला वाईटच करायचंय तो कोरा, म्हणजे एकही नोंद नसलेला, दाखला घेऊन येतोच, मग भल्या माणसांचा अपमान कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे दुसरं, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘दाखला फायलीला लागला की पालकांनी निर्धास्त व्हावं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला बालसंगोपन केंद्रांत काम केलेल्या एका कर्मचाऱ्याने २०२४ मध्ये मुलांवरच्या अत्याचाराचे ३०७ गुन्हे कबूल केले, त्याला जन्मठेप झाली. त्याच्याकडे क्वीन्सलँड राज्याचं ‘ब्लू कार्ड’ होतं, म्हणजे मुलांबरोबर काम करायचा रीतसर परवाना. पडताळणी म्हणजे नोंदींमधला शोध. जिथे नोंदच नाही तिथे सापडणार काय?

पण म्हणून शोध सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. नोंद का झालेली नसते, ते बघायला हवं.

२००२ साली इंग्लंडमधल्या सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या एका शाळेचा केअरटेकर होता. आधी तो दुसरीकडे राहायचा, आणि तिथे त्याच्याविरुद्ध अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवल्याच्या, बलात्काराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या होत्या. शिक्षा एकाही प्रकरणात झाली नव्हती. शाळेच्या नोकरीच्या वेळी तो वेगळं आडनाव लावत होता आणि पडताळणी झाली ती त्याच एका आडनावाने. पुढे बिचर्ड चौकशी समितीने २००४ च्या अहवालात दाखवून दिलं की माहिती होती, पण ती नीट जपली गेली नाही आणि जिथे लागणार होती तिथे पोचली नाही. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने बालसंगोपन केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांची तपासणी बोटांच्या ठशांवरून होते, माणूस गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या राज्यात राहिला तिथल्या नोंदीही बघतात, आणि पाच वर्षांनी सगळं पुन्हा करतात. नाव बदलता येतं, गाव बदलता येतं; ठसे बदलत नाहीत.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. मूळ लेखात तो लिहायचं मी टाळलं होतं. मी पाळणाघर चालवायचे तेव्हा एक तरुण मदतनीस म्हणून आला होता. मुलं पाच मिनिटांत त्याच्या अंगाखांद्यावर. पोलिसांचा दाखला स्वच्छ. आधीच्या पाळणाघराच्या बाईंना मी फोन केला. ‘कामाला चोख आहे, वेळेवर येतो,’ त्या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता मी विचारलं, ‘पुन्हा आला तर घ्याल का हो?’ पलीकडे नुसती शांतता. मग, ‘नको. म्हणजे तसं काही नाही, पण नको.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जाऊन भेटले. दुपारी मुलं झोपली की तो झोपायच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. दोनदा बजावूनही ऐकलं नाही. एका आईने विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला राजीनामा द्यायला लावला आणि वर शिफारसपत्रही दिलं, कटकट मिटावी म्हणून. लेखी काही नाही, तक्रार नाही. त्याने काही केलं होतं असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण त्या बाईंना वाटलेली भीती कुठल्याही कागदावर आली नाही. मी तो एक प्रश्न विचारला नसता तर दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडच्या मुलांची दुपारची झोप त्याच्याच हवाली झाली असती.

ताई, कोरा दाखला असा तयार होतो. आपणच तो कोरा ठेवतो. माझा राग दाखला मागणाऱ्यांवर नाही, दाराला कडी लावणाऱ्याला गोड बोलून शेजारच्या पाळणाघरात पाठवून देणाऱ्यांवर आहे.

तुम्ही विचारलंत, एखादीवर वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याशी भांडल्याची केस असेल तर तिला कायमचं बाहेर ठेवायचं का? मुळीच नाही. गुन्हा कोणता, केव्हाचा, मुलांच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध काय, हे तिला समोर बसवून विचारायचं आणि मग ठरवायचं. मुलांवरच्या अत्याचाराची शिक्षा असेल तर मात्र विचारायचंही काही उरत नाही.

आता सासूबाई. भारतात पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनी शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा सगळ्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायला सांगितली आहे, कायम असोत की कंत्राटी. नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो, स्वयंसेवकांचं नाव त्यात नाही. म्हणजे त्या पाळणाघराने सासूबाईंकडे दाखला मागितला तो आपणहून, आणि मला ते योग्य वाटतं. मुलांना पगारी ताई आणि गोष्टीच्या आजी यांत फरक कळत नाही. उलट गोष्टीच्या आजीच्या मांडीवर ती लवकर बसतात.

मागायची पद्धत मात्र चुकली असणार. बत्तीस वर्षं वर्गावर उभ्या राहिलेल्या बाईंना दारातच, इतर पालकांसमोर ‘तुमचा दाखला आणा’ म्हटलं तर कुणालाही लागेल. आमच्याकडे फायलीतला पहिला कागद माझा स्वतःचा असायचा. नव्या माणसाला आधी तो दाखवायचा, मग स्वयंपाकाच्या मावशींचा, मग कोरा फॉर्म, आणि फॉर्मवर लग्नाआधीचं नावही लिहायला सांगायचं. दाखला हातात येईपर्यंत गोष्टीचा तास बंद ठेवायचा नाही. तो दार उघडं ठेवून, एक ताई खोलीत बसवून चालू ठेवायचा. दाखला आल्यावरही दार उघडंच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या पाळणाघराच्या बाईंशी बोलायची माझी तयारी आहे, तुम्हाला चालणार असेल तर.