‘लोका’ कॅमिओंवर चालला म्हणे!

‘लोका चॅप्टर 1 : चंद्रा’ या बाई सुपरहिरो असलेल्या मल्याळम सिनेमावरची एक पोस्ट परत परत शेअर होतेय. थोडक्यात म्हणणं असं, की बाई सुपरहिरो असली की सिनेमा चालत नाही, ‘लोका’ चालला तो दुलकर सलमान आणि टोव्हिनो थॉमस या मल्याळम स्टार्सच्या कॅमिओमुळे, म्हणजे छोट्याशा पाहुण्या भूमिकांमुळे, गोष्ट हॉलिवूडची उचललेली, आणि पुढच्या भागात टोव्हिनो हिरो आहे म्हणजे मेकर्सनाही हे कळलंय. खाली लोक ‘करेक्ट’ लिहून मोकळे होतायत, म्हणून एकेक घेते.

आधी कॅमिओ, कारण सगळ्यात जास्त तोच मुद्दा चालवला जातोय. दुलकर या सिनेमाचा प्रोड्यूसर आहे आणि त्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या हे अगदी खरं. पण नुसत्या त्याच्या नावावर थिएटर भरत असतं तर 2023 च्या ओणमला ‘किंग ऑफ कोथा’ का आपटला? तिथे तो पूर्णवेळ हिरो होता, बॅनर त्याचंच, सणही ‘लोका’सारखा ओणमचाच. ‘लोका’ तर 28 ऑगस्ट 2025 ला आला आणि त्याच दिवशी समोर मोहनलालचा ‘हृदयपूर्वम’ होता, दिग्दर्शक सत्यन अंतिक्काडचा, म्हणजे केरळात सगळं घर उठून जातं तसला सिनेमा. तरीही 30 कोटींच्या आसपास खर्च झालेल्या ‘लोका’ने जगभरात 300 कोटींच्या घरात कमाई केली आणि मोहनलालच्याच ‘एम्पुरान’ला मागे टाकून सगळ्यात जास्त कमावणारा मल्याळम सिनेमा झाला. ओपनिंग काही फार मोठं नव्हतं, गुरुवारी बघून आलेल्यांनी बाकीच्यांना सांगितलं आणि रविवारपर्यंत गर्दी कितीतरी वाढली. कॅमिओ बघायला फॅन पहिल्या शोला धावतात, पण हा सिनेमा तर नंतर वाढत गेलाय.

आणि कॅमिओ बाजूला काढले तर उरतं ते बघा ना. चंद्रा झालेली कल्याणी प्रियदर्शन बंगळूरमध्ये कॅफेत काम करते, गप्प गप्प, रात्रीच बाहेर पडणारी. समोरच्या फ्लॅटमधला नस्लेन तिच्यावर लट्टू होतो, मागे मागे जातो आणि जे दिसतं त्याने त्याची पार तंतरते. ‘प्रेमलू’ सिनेमानंतर त्या पोराची केवढी क्रेझ होती, पण इथे तो घाबरतो, लपतो, जमेल तेवढी मदत करतो आणि मारामारी तिच्यावर सोडतो. शेवटी धावत येऊन तिला वाचवणारा हिरो त्याला केलेलंच नाही, मला सिनेमाची सगळ्यात पक्की गोष्ट हीच वाटते. लिहिताना दिग्दर्शक डॉमिनिक अरुणसोबत शांती बालचंद्रन होती, ते जाणवतं. व्हिलनही बायकांबद्दल मनात नुसती गरळ असलेला पोलीस आहे, त्यामुळे भांडण कुणाशी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

हॉलिवूडची उचललेली? चंद्रा म्हणजे कल्लियनकाट्टू नीली, केरळात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी यक्षी, आपल्याकडच्या जखिणीसारखी, रात्री वाटसरूला चुना मागणारी आणि रक्त पिणारी. तिला काबूत आणणारा कत्तनार पाद्रीसुद्धा त्याच दंतकथांमधला. सिनेमाने केलं काय, तर ही बाई अशी का झाली ते विचारलं. फ्लॅशबॅकमध्ये राजाचे सैनिक जंगलातल्या वस्तीवर तुटून पडतात, डोळ्यांसमोर माणसं मरतात आणि ती एवढीशी पोर पहिल्यांदा त्यांच्यावर झेप घेते. मी तर तिथे श्वास धरून बसले होते. गावाने जिला भूत ठरवलं तिची बाजू ऐकायला मिळते, आता हे कुठल्या हॉलिवूडपटातून आणलंय ते पोस्टवाल्यांनीच सांगावं.

बाईचे सिनेमे चालत नाहीत याला पुरावा म्हणून 2023 चा ‘द मार्व्हल्स’ दिलाय. त्याच वर्षी ‘द फ्लॅश’ पण जोरात आपटला, तेव्हा पुरुष सुपरहिरो चालत नाहीत असं कुणी लिहिलं का? 2017 च्या ‘वंडर वुमन’ने 82 कोटी डॉलर कमावले आणि 2019 च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ने 100 कोटींच्या वर, ही नावं पोस्टमध्ये नाहीतच.

राहिला टोव्हिनो. ही पहिल्यापासून वेगवेगळ्या पात्रांची मालिका आहे, चॅप्टर 1 हे नावातच आहे, त्यामुळे दुसऱ्याला दुसरा लीड येणारच, यात माघार कसली? उलट मल्याळममध्ये असलं युनिव्हर्स उभं राहील का हेच कुणाला माहीत नव्हतं तेव्हा पहिला भाग, सगळ्यात जोखमीचा, कल्याणीच्या खांद्यावर टाकला होता. तो पडला असता तर टोव्हिनोच्या भागाला पैसे कुणी लावले असते?