ब्रह्मगिरीत हिरा नाही

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी माझा मावसभाऊ त्र्यंबकला जाऊन आला आणि परतताना थेट माझ्या दारात उभा राहिला. खिशातून कागदाची पुडी काढली, आत सुपारीएवढा फिकट हिरवट, पाणीदार खडा. "ताई, तू शाळेत पोरांना दगड दाखवायचीस ना, हा बघ. अस्सल ब्रह्मगिरीचा हिरा." पाचशे रुपये मोजले होते. विकणाऱ्याने खड्यासोबत मोबाइलवरचा एक मजकूरही दाखवला होता, पुरावा म्हणून. तो मजकूर मला त्याआधीच तीन ग्रुपवर येऊन गेला होता: सोसायटीच्या, माहेरच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या. शेवटच्या ग्रुपवर आला याचं जास्त वाईट वाटलं. मजकूर असा:

"नाशिककरांनो, अभिमान बाळगा! जगप्रसिद्ध नासाक हिरा आपल्या ब्रह्मगिरीतच सापडला. तो त्र्यंबकराजाच्या मूर्तीचा डोळा होता. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो काढून नेला, आज तो राणीच्या मुकुटात आहे. लाखो वर्षं कोळसा दबून हिरा होतो. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, आगीत जळत नाही. असे हिरे ब्रह्मगिरीत आजही मिळतात. काचेवर ओढून पाहा, ओरखडा उमटला तर खरा! जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

एवढ्याशा मजकुरात एक वाक्य बरंचसं खरं आहे, ते १८१८चं. बाकीची एकेक करून बघू.

"ब्रह्मगिरीतच सापडला." नाही. या हिऱ्याच्या नावात नाशिक आहे, कारण तो इथल्या देवस्थानाचा होता. तो निघाला कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतून, आजच्या आंध्र प्रदेशातून. कोहिनूरही तिथलाच मानतात. आपण या सगळ्यांना 'गोवळकोंड्याचे हिरे' म्हणतो खरं, पण गोवळकोंडा ही राजधानी आणि पेठ. खाणी लांब, नदीच्या गाळात. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या कोल्लूरला जाऊन आला, तेव्हा तिथे साठ हजार माणसं, त्यात बायका-मुलंही, माती खणत आणि चाळत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्या काळी जगाला हिरे पुरवायचा तो भारतच. ब्राझीलचे हिरे १७२०च्या दशकात आले, दक्षिण आफ्रिकेचे तर १८६७ नंतर.

आता ब्रह्मगिरीत का नाही, ते सांगते. वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमी तास कमी पडायचा. हिरा तयार होतो तो जमिनीखाली साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटरवर, हजार अंशांच्या आगेमागे तापमानात आणि प्रचंड दाबाखाली. तिथून तो आपण होऊन वर येत नाही. त्याला वर आणणारा लाव्हा वेगळ्याच जातीचा असतो, किंबरलाइट किंवा लॅम्प्रोइट. तो तितक्याच खोलवरून निघतो आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत अरुंद नळ्यांतून वर उसळतो. ही घाई महत्त्वाची. रेंगाळला तर वाटेतच हिऱ्याचं ग्रॅफाइट होऊन जाईल, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. आंध्रात वज्रकरूरला असे किंबरलाइट आहेत, मध्य प्रदेशात पन्न्याजवळ मझगवाँला लॅम्प्रोइटमधली हिऱ्याची खाण आहे.

आणि आपला सह्याद्री? तो बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले, आणि त्यातून ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर, कळसूबाई उभे राहिले. वर जाताना लागणाऱ्या त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कातळभिंती म्हणजे हेच थर. पण हा लाव्हा हिऱ्याच्या खोलीवरून आलेलाच नाही, त्याच्या बऱ्याच वर वितळून निघाला. ज्या घरात हिरा नव्हताच, त्या घरातून तो बाहेर कसा येणार? काळ्या पाषाणात हिरा शोधणं म्हणजे द्राक्षाच्या मांडवात नारळ शोधणं.

"कोळसा दबून हिरा होतो." हे वाक्य नाशिकपुरतं नाही, सगळ्या जगात फिरतं, आणि माझ्याच एका सहकाऱ्याने फळ्यावर लिहिलेलं मी पाहिलंय. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडं. चंद्रपूरचा आपला कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. बहुतेक हिरे शंभर कोटी ते साडेतीनशे कोटी वर्षांचे, तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. नातवापासून आजोबा होत नाही. दोघांत कार्बन आहे एवढंच नातं. हिऱ्यातला कार्बन बहुतेक पृथ्वीच्या पोटातलाच.

"मूर्तीचा डोळा होता." हे वाचून मला हसू आलं, कारण पाठवणारे बरेचसे नाशिकचेच. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात गेलेल्या कुणालाही विचारा, तिथे मूर्ती आहे का? शाळुंकेत खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशाची. डोळा बसवायचा कुठे? देवाला मुखवटा चढतो, सोमवारी मुखवट्याची पालखी कुशावर्तावर जाते, रत्नजडित मुकुटही आहे. हिरा देवाच्या अलंकारांत होता एवढं म्हणता येतं. 'मूर्तीचा डोळा' हे नाव साहेबाचं. हिंदुस्थानातला प्रत्येक मोठा हिरा कुठल्या तरी मूर्तीच्या डोळ्यातून उपटलेला, अशी कल्पना विलायतेत फार रंगवून सांगितली जायची. ती गोष्ट तिकडून उलट आपल्याकडे आली आणि आपण ती अभिमानाने पुढे ढकलतोय.

काही ठिकाणी पुढे असंही जोडलेलं दिसतं की हिरा १५०० सालापासून याच देवळात होता. आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं ते अठराव्या शतकात, हे बोलण्याआधी तेवढं आठवावं.

"राणीच्या मुकुटात आहे." मुकुटात आहे तो कोहिनूर. तो पंजाबातून गेला, १८४९ साली, लहानग्या दुलीपसिंगाकडून. आणि १९३७ साली घडवलेल्या मुकुटात बसला. नासाकची वाट साफ वेगळी. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडालं, हिरा कंपनीच्या हाती पडला आणि लुटीच्या वाटणीत, त्या 'डेक्कन प्राइज'मध्ये गेला. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो विकत घेऊन पुन्हा कापला. १८३७च्या लिलावात तो ७,२०० पौंडांना गेला आणि वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस या इंग्रज उमरावाच्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसला. १९२७ साली अमेरिकेला पोहोचला. १९४० साली अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसला घेतला आणि परत एकदा कापला. पुढे तो न्यूयॉर्कच्या एका बाईंच्या अंगठीत होता, १९७० साली न्यूयॉर्कच्याच लिलावात एका ट्रक कंपनीच्या अधिकाऱ्याने तो घेतला. मुकुट या वाटेवर कुठेच नाही.

पण मला यात खुपतं ते वेगळंच. त्र्यंबकहून गेला तेव्हा हिरा नव्वद कॅरेटच्या आसपास होता. लंडनच्या कापणीत ऐंशीच्या घरात आला. (पुस्तकांत कधी ७८ तर कधी ८० दिसतं, जुना कॅरेट आजच्या दोनशे मिलिग्रॅमपेक्षा किंचित जड होता, त्याचा हा घोळ.) विन्स्टन यांच्या कापणीनंतर उरला ४३.३८ कॅरेट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आतच. द्राक्षाच्या चांगल्या दोन मण्यांचं वजन, पण हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड, त्यामुळे आकार एका मण्याहूनही लहान. उद्या कुणी तो आणून त्र्यंबकराजाच्या पुढ्यात ठेवलाच, तर पेशव्यांच्या काळचा पुजारी त्याला ओळखणारही नाही. 'इंग्रजांनी नेला' एवढ्यावर मजकूर थांबतो. निम्म्याहून जास्त हिऱ्याची भुकटी झाली, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

का कापला, हाही रास्त प्रश्न आहे. आपल्याकडचे कारागीर वजन राखायचे. खड्याचा मूळ आकार धरून वरवर पैलू पाडायचे, डाग असेल तिथे एखादा पैलू जास्त. युरोपच्या नजरेला हवी होती चमक. हिऱ्यात प्रकाश फार वळतो; आत शिरलेला किरण मागच्या पैलूवर साधारण २४ अंशांहून तिरपा पडला की बाहेर न निसटता परत फिरतो. पैलूंचे कोन जुळवले तर जवळजवळ सगळा प्रकाश डोळ्यांकडे येतो, नाही जुळवले तर मागून गळून जातो. हे कोन जुळवताना वजन जातंच.

"घणाखाली फुटत नाही." घण आणि ऐरणीचा दृष्टांत आपल्या कानावर कीर्तनापासून आहे, आणि माणसाच्या कसोटीसाठी तो छानच आहे. हिऱ्यावर करून बघू नये. कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं. घाव सोसणं हा वेगळा गुण. पोलाद ओरखडतं पण घाव झेलतं. हिऱ्याचं उलटं. त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की तिथे नेमका टोला बसला तर बाभळीच्या ओंडक्याची ढलपी निघावी तसा तो सरळ दुभंगतो. जुने कारागीर याच गुणावर जगायचे: दुसऱ्या हिऱ्याने खाच पाडायची, खाचेत बोथट पातं ठेवायचं आणि एक ठोका. ३,१०६ कॅरेटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲम्स्टरडॅमला असाच फोडला. घणाखाली हिरा फुटत नसता तर हिऱ्याचा धंदाच उभा राहिला नसता.

मग घासतात कशाने? हिऱ्यानेच. सापुतारा ओलांडून सुरतेला जा, तिथे जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला येतात. फिरत्या लोखंडी तबकडीवर, तिला तिकडे घंटी म्हणतात, तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावलेली असते. हिरा सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो. भुकटीतल्या कणांची तोंडं हवी तशी वळलेली, त्यातले काही कठीण बाजूने लागतात आणि खड्याची मऊ दिशा झिजवतात. कारागीर ती दिशा शोधत खडा फिरवत राहतो. चुकीच्या दिशेने धरला तर दिवसभर घासून काही होत नाही, झिजते ती तबकडीच. आता कच्च्या हिऱ्याचा नकाशा यंत्र काढतं आणि चिरतो लेसर, पण पैलू शेवटी घंटीवरच.

"आगीत जळत नाही." जळतो. हवेत सात-आठशे अंशांच्या पुढे हिरा पेटू शकतो आणि मागे राख उरत नाही, कारण त्याचा वायू होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७७२ साली भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळून दाखवला, आणि १७९७ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ टेनंट यांनी निघालेला वायू मोजून हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे सिद्ध केलं. सराफ बाजारातल्या जुन्या कारागिराला हे कुणी शिकवावं लागत नाही. हिऱ्याच्या अंगठीला डाग द्यायचा, म्हणजे जोड झाळायचा असला तर बोरिक पावडरचा लेप आधी खड्याला फासतो, नाहीतर चकाकी जाऊन खडा दुधाळ होतो.

"काचेवर ओरखडा." हा प्रयोग आम्ही दोघांनी माझ्या ओट्यावर केला. जुनी फोटोफ्रेमची काच घेतली. त्याने खडा जोर देऊन ओढला आणि पांढरी रेघ उमटली. "बघ!" मी बोट ओलं करून रेघेवरून फिरवलं. रेघ गेली, काच कोरी. ती खड्याचीच पूड होती, खडूने फळ्यावर ओढल्यासारखी. आणि त्या नादात खड्याच्या टोकाची एक पातळ चकती निघून ओट्यावर पडली, मोत्यासारखी चमकणारी.

समजा रेघ राहिली असती, तरी काय सिद्ध झालं असतं? साधी गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा ओढते. अमेरिकन डायमंडही ओढतो. या परीक्षेत पास होणाऱ्यांची रांग लांब आहे, आणि हिरा असलाच तर त्याची कड उडायचा धोका वेगळाच. त्यापेक्षा सराफाकडचं उष्णता तपासणारं यंत्र बरं, कारण हिरा तांब्याच्या कितीतरी पट वेगाने उष्णता पळवतो. मॉइसनाइट नावाचा खडा मात्र त्या यंत्रालाही चकवतो, म्हणून महागाची खरेदी असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र.

त्या निघालेल्या चकतीवरूनच मला खड्याचं नाव कळलं होतं. एकाच दिशेने पदर सुटावेत तसा तो सुटला, त्या पदरावर मोत्याची झाक, आणि काचेपेक्षा मऊ: अपोफिलाइट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं त्यांत गरम पाणी झिरपतं आणि भिंतींवर स्फटिक वाढतात: अपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट, गारगोटी. आपल्या जिल्ह्यात विहीर खणताना, खडी फोडताना हे निघतात, आणि इथले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे यांचं.

"म्हणजे फसलो," तो म्हणाला.

"हिरा म्हणून घेतलास तर फसलास. सुपारीएवढा हिरा पाचशे रुपयांत देतोय म्हटल्यावर तिथेच कळायला हवं होतं. अपोफिलाइट म्हणून घेतला असतास तर सौदा काही वाईट नव्हता."

त्याने मला ते नाव पुडीच्या कागदावर लिहून द्यायला लावलं. अ-पो-फि-लाइट, तीनदा म्हणून पाहिलं. खडा परत गुंडाळला, आणि जाताना ओट्यावरची ती चकतीही चिमटीत धरून पुडीत टाकली.