नुसता कागद?

टेक्सासात बंदूक घेणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एच-वन-बी व्हिसावर ती घ्यायला जावं. मी नुकताच जाऊन आलो. डोकं अजून ठणकतंय, म्हणून हे लिहून टाकतो.

मला हवी होती पॉइंट टू-टूची, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या बारीक गोळीची, एक साधी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते, पण उडवायला पुन्हा घोडा दाबावा लागतो. शनिवारी सकाळी रेंजवर जायचं, पन्नास यार्डांवर कागद लावायचा, त्याला भोकं पाडायची आणि घरी येऊन पोहे खायचे, एवढीच महत्त्वाकांक्षा. बायको म्हणाली, "कागदाला भोकंच पाडायचीत ना? मग ऑफिसातलं पंचिंग मशीन आण की." तिच्या एअर फ्रायरबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

हौस जुनी आहे. मिरजेच्या उरुसात छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचा गाळा लागायचा. नळी वाकडी, नेम धरायची माशी सैल. लाल फुग्यावर नेम धरला की शेजारचा पिवळा फुटायचा. पण त्या गाळेवाल्यानं मला कधीही विचारलं नाही, की बाळ, तुला फुगे का फोडायचेत? पैसे घेतले, छरे मोजून दिले, विषय संपला. त्या माणसाची थोरवी आता कळते.

इथल्या दुकानात पहिला प्रश्न काउंटरवरच्या पोरानं विचारला, "मुलगा किती वर्षांचा आहे?"

मला मुलगा नाही. पण पॉइंट टू-टू म्हणजे इकडे पोरासोरांची पहिली बंदूक. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त. १८८७ सालापासून हे काडतूस चालत आलंय आणि तेव्हापासून बहुधा प्रत्येक दुकानात ते मागणाऱ्याला पोराचं वय विचारत असावेत. "मलाच हवीय," म्हटल्यावर तो म्हणाला, "ओह!" त्या ओहमध्ये सगळं आलं.

आणि मग आजोबा बोलले.

आजोबा दुकानाचे नोकर नव्हते, मालक नव्हते, माझ्या समजुतीप्रमाणे गिऱ्हाईकही नव्हते. काउंटरच्या टोकाला एका उंच स्टुलावर थर्माकोलच्या कपात कॉफी घेऊन बसले होते. डोक्याला पशुखाद्याच्या कंपनीची टोपी, तोंडात दातकोरणं. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर असे एक आजोबा असतात. गाडी कुठलीही विचारा, त्यांचं मत तयार. फरक इतकाच, की हे सशस्त्र होते.

"काय मारणार, बेटा?"

"कागद."

कॉफीचा कप ओठांपाशी थांबला. "कागद आणि?"

"कागदच."

"नुसता कागद?"

"नुसता कागद."

आजोबांनी पोराकडे पाहिलं. पोरानं काउंटरच्या काचेकडे पाहिलं. मग चौकशी सुरू झाली.

"खारी?"

"नाही."

"ससे?"

"नाही."

"घरात चोर शिरला तर?"

"पोलिसांना फोन करीन."

या उत्तराचं आजोबांना खरोखर वाईट वाटलं. एखाद्याच्या घरी काही बरं नसल्याचं कळल्यावर होतो तसा चेहरा झाला त्यांचा. जरा सावरून ते रानडुकरांवर आले. टेक्सासात रानडुकरांचा उच्छाद आहे हे खरं. शेतंच्या शेतं उकरून टाकतात. त्यासाठी पॉइंट टू-टू पुरत नाही हे आजोबांनीच सांगितलं आणि मग डुकरं कशी मारावीत याचं प्रवचन लावलं. हेलिकॉप्टरमधून मारतात म्हणे. शिवाय हवेच्या फुग्यातूनही. मला वाटलं म्हातारा फिरकी घेतोय. घरी येऊन शोधलं तर अक्षरन् अक्षर खरं. हेलिकॉप्टरमधून डुकरं टिपायची सोय २०११ च्या कायद्यानं झाली आणि हॉट एअर बलूनची २०१७ च्या. विधिमंडळात बसून कुणीतरी हे गंभीरपणे मांडलं असेल, कुणीतरी अनुमोदन दिलं असेल. उरुसात मी फुग्यांवर गोळ्या झाडायचो; इथे फुग्यात बसून झाडतात. आणि चमत्कारिक कोण ठरतो? मी.

"बरं, तू खातोस काय?" आजोबांनी मुळाशी हात घातला.

"भाज्या. अंडं चालतं."

"भाज्या," त्यांनी पोराला सांगितलं, जणू तो बहिरा होता.

एवढ्यात पोराची नजर माझ्या हातातल्या कागदपत्रांवर गेली. त्यात टेक्सासचा शिकारीचा परवाना होता. आजोबांनीही तो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. पकडलं, असा भाव.

"मग हा परवाना कशाला काढलास?"

"कागद मारायला."

"कागद मारायला परवाना लागत नाही."

"मला लागतो."

इथे जरा थांबून कायदा सांगायला हवा, कारण चूक आजोबांची नव्हती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक घ्यायलाच काय, बाळगायलाही बंदी आहे. तिला मोजके अपवाद आहेत आणि सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच: कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. नसेल तर आधी जिवंत प्राणी मारण्याची तयारी सरकारदरबारी नोंदवायची. मग तुम्ही कागदाला भोक पाडण्याइतके भरवशाचे ठरता. यामागची अक्कल कुणाची, ते मला समजलेलं नाही.

टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार करायची तर शिकार-शिक्षणाचा कोर्सही लागतो. तोही केला, ऑनलाइन. हरणाचं काळीज नेमकं कुठे असतं, उभं असताना कुठे, तिरकं उभं असताना कुठे, हे मी रात्री वरणभात खाता खाता शिकलो आणि पासही झालो. मग पंचवीस डॉलर भरून परवाना आला. त्याच्यासोबत हरणांचे नि टर्कीचे टॅग येतात, मारलेल्या जनावराला बांधायचे. ते मी हरवू नयेत म्हणून फ्रिजवर लावले. व्हिडिओ कॉलवर आईनं पाहिले. "काय रे ते, कूपनं का? काही सूट आहे?" मी हो म्हणालो. आषाढी एकादशी होती. त्या दिवशी तिला खरं सांगणं माझ्यानं झालं नाही.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं, आईचं सोडून. त्यांनी सरकारला एक शिवी हासडली. क्षणभर वाटलं, चला, माणूस आपल्या बाजूचा निघाला. पण लगेच म्हणाले, "म्हणजे हरणाचे पैसे भरून झालेत. निदान एक तरी मार. पैसे वाया कशाला घालवतोस?"

पैसे वाया घालवतोस, हे वाक्य मराठी माणसाच्या वर्मी लागतं. लाज वाटते सांगायला, पण दोन सेकंद मी खरंच विचार केला.

आता न्यायाचं बोलायचं तर बंदुकीबद्दल आजोबांनी सांगितलं ते सोन्यासारखं होतं. भरवशाची कुठली, असं मी विचारल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि दातकोरण्यांच्या गर्दीतून एक रिकामं पितळी काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. शेंगदाण्यापेक्षा जरा लांब. बुडाच्या कडेवर एकाच ठिकाणी चपटा घाव. "इथे आपटते पिन," ते म्हणाले. मोठ्या काडतुसाची ठिणगी पाडणारी दारू बुडाच्या मध्यावर वेगळ्या टोपीत असते. याची बुडाच्या काठात गोल पसरलेली. कारखान्यात भरताना ती कुठे कमी पसरली आणि पिन नेमकी तिथेच आपटली की फुस्स. तीच गोळी जरा फिरवून पुन्हा भरली तर बऱ्याचदा उडतेही. मात्र फुस्स झाल्यावर लगेच बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दट्ट्या, उघडायचा नाही; नळी निशाणाकडे ठेवून अर्धा मिनिट गप्प बसायचं, कारण कधी कधी ती उशिरा उडते. हे सांगताना आजोबांचा आवाज एकदम बदलला. थट्टा पार नाहीशी झाली.

दुसरी गोष्ट बोल्टची. या रायफलींत रिकामं काडतूसच उलट्या धक्क्यानं बोल्ट मागे ढकलतं, स्प्रिंग त्याला पुढे आणते, येताना तो नवी गोळी घेऊन येतो. गोळी कमजोर निघाली तर बोल्ट अर्ध्या वाटेतूनच परततो आणि बाहेर पडणारं काडतूस खिडकीत उभंच्या उभं अडकतं. म्हणून कमी आवाजाच्या सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या, गोळ्या यांना सहसा पचत नाहीत. चाळीस ग्रेन, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम वजनाची वेगवान गोळी घ्यावी. आणि काजळी साफ करत जावी, कारण टू-टूची गोळी मेणकट नि घाणेरडी. "बंदूक भरवशाची नसते, बेटा. गोळी असते," आजोबा म्हणाले. वर म्हणाले, चार कंपन्यांचे छोटे डबे घे, तुझ्या रायफलला काय मानवतं ते तीच सांगेल.

निवड त्यामुळे पटकन झाली. मार्लिनची मॉडेल ६० चांगली. १९६० पासून लाखांनी खपली, पण तिचं गोळ्या ठेवायचं मॅगझिन नळीखालच्या लांब नळकांड्यात, एकेक गोळी वरून सोडत बसायचं, आणि आता मिळाली तर जुनीच. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ दिसायला थेट एआर-१५ सारखी, म्हणजे लष्करी रायफलच वाटावी अशी. ती घेतली असती तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मला कुणी मोदकही वाढला नसता. आधीच एकानं कुजबुजत विचारलंय, "एआर घेतलीस म्हणे?" उरली रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन रायफलच्या पोटात बसतं, गोळ्या सरळ वर येतात, सुटे भाग कुठेही मिळतात. इंटरनेटवर रात्ररात्र जागून मी तुलनेचा तक्ता केला होता. त्यातही हीच पहिली आली होती. पण तक्त्याला काडतूस खिशातून काढून दाखवता येत नाही.

मग फॉर्म ४४७३, बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी अर्ज. उंची, वजन, जन्मदेश, सगळं. मधलं नाव पूर्ण लिहायचं. माझं मधलं नाव म्हणजे बाबांचं. ज्यांनी जन्मात गोफणही फिरवली नाही, त्यांचं नाव अशा रीतीनं एफबीआयकडे तपासणीला गेलं. पुढे प्रश्न: तुम्ही फरारी गुन्हेगार आहात का? नाही. तुम्ही कधी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आहे का?

या प्रश्नावर मी पेन खाली ठेवलं. सोडायला आधी मिळावं लागतं, बाबांनो. एका देशातल्या लोकांना नोकरीवरच्या ग्रीन कार्डांपैकी वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा नियम. लोकसंख्या आइसलँडची असो की आपली, टक्के सातच. आमच्या रांगेतल्या लोकांची मुलं हायस्कुलात गेली, काहींची एकविसाची होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडली. कर भरतो, घराचे हप्ते भरतो, शेजाऱ्याचं कुत्रं सांभाळतो. आणि फॉर्म विचारतोय, सोडलंत का हो? आजोबांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, स्पेलिंग आठवत होतो."

पोरानं फॉर्म पाठवला आणि थोड्या वेळानं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला, "डिलेड!" होकारही नाही, नकारही नाही, थांबा. कामकाजाचे तीन दिवस उलटले तर दुकानदार स्वतःच्या जबाबदारीवर बंदूक देऊ शकतो, पण या दुकानाचं धोरण उत्तर आल्याशिवाय न देण्याचं. डुकरं मारायच्या रायफली घ्यायला आलेल्या दोन गड्यांनी मान वळवून मला नीट पाहून घेतलं. आजोबांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "होतं असं. तू भाज्या खातोस ना, त्यांना संशय आला असेल."

उत्तर आलं, रायफल आली. जाता जाता निशाणाचे कागद मागितले. भिंतीवर झोंबी होते, डुकरं होती, हरणं होती, सुरा घेतलेला चोर होता, चार रंगांत. साधी गोल वर्तुळं? "खाली," पोरगा म्हणाला, "लहान मुलांच्या कप्प्यात."

हेही चाललं असतं. पण परवाना ३१ ऑगस्टला संपतो. कधीही काढा, संपतो त्याच दिवशी. आणि तो संपला, नवा काढला नाही, तर १ सप्टेंबरपासून माझ्या कपाटात कुलपात झोपलेली रायफल हा केंद्रीय गुन्हा. म्हणजे ग्रीन कार्ड येईपर्यंत दर वर्षी मी पंचवीस डॉलर भरून सरकारला कळवायचं, की होय, हरणं मारण्याचा माझा इरादा कायम आहे. आई दर वेळी विचारणार, यंदा किती सूट?