तो तास मराठीचा नव्हता

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याकडच्या आमच्या शाळेत मराठी बंद करून बंगाली शिकवतात, असा मेसेज व्हिडिओसकट गावागावांत फिरतोय. खोटं आहे ते. शनिवारी परिसर अभ्यासात ‘आपल्या गावात कोण कुठून आलं’ यावर एकच तास झाला, तोही मराठीतून; व्हिडिओ त्याच तासाचा आहे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीत वसवलं. मिळालेल्या जमिनीवर त्यांनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, काढल्या. व्हिडिओतली आजी त्यांतलीच. ती मासोळीच्या जाळ्याची गाठ दाखवत होती, तर ढिवराचं, म्हणजे इथल्या मासेमार समाजाचं, एक पोरगं म्हणे, “माहा आबाजी बी अशीच मारते!” नेमकं तेवढंच व्हिडिओतून कापलंय. मराठीचा तास रोज पहिलाच असतो. हवं तर येऊन बसा.